टक्केवारी की सरसकट : पगारवाढीचा करार नक्की कोणासाठी?

वाचकाचे पत्र, थोडक्यात : कोल्हापूरजवळच्या एका औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीत, मशीन शॉपमध्ये काम करणाऱ्या ३३ वर्षांच्या वाचकाने हे पत्र लिहिले आहे. ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. कारखान्याच्या मस्टरवर २०० कायम कामगार आहेत. त्यांपैकी १२० जण पंचेचाळिशीच्या पुढचे असून त्यांचा सरासरी पगार ३२,००० रुपये आहे. गेल्या आठ वर्षांत लागलेल्या ८० जणांचा सरासरी पगार १८,००० आहे. याशिवाय ठेकेदारामार्फत सुमारे १५० जण काम करतात. तीन वर्षांचा करार मार्चमध्ये संपला. युनियनच्या सात जणांच्या वाटाघाटी कमिटीत पत्रलेखक वयाने सर्वांत लहान आहेत. ज्येष्ठांना टक्केवारीने वाढ, निवृत्तीचे वय ५८ ऐवजी ६० आणि वारसाला नोकरी हवी आहे. तरुणांना सरसकट समान वाढ आणि ठेकेदाराकडच्या मुलांना कायम करून हवे आहे. कंपनी कायम कामगारांना चांगली वाढ द्यायला तयार आहे; मात्र यापुढे लागणाऱ्यांसाठी तिला वेगळी ‘ब’ श्रेणी हवी आहे, जिच्यात सुरुवातीचा पगार २,५०० रुपयांनी कमी असेल आणि सेवा भत्ता नसेल. तरुणांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘वेगळी युनियन काढूया, एक दिवस सगळे रजा टाकूया’ अशी चर्चा चालू आहे. युनियनचे सरचिटणीस हे पत्रलेखकाला मशीनवर काम शिकवणारे गृहस्थ आहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. ‘मी कोणाच्या बाजूने उभा राहू, टक्केवारी मान्य करू का, की कमिटीचा राजीनामा देऊ?’ असे पत्रलेखकाने विचारले आहे.

नमस्कार.

तुमच्या प्रश्नांपैकी टक्केवारीचा प्रश्न तुम्ही सर्वांत जोर देऊन विचारला आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत लहान आहे. कंपनीच्या मसुद्यातील ‘ब’ श्रेणी तुम्ही जेमतेम दोन ओळींत उरकली आहे. ती आज मस्टरवर असलेल्या कोणालाच लागू होत नाही, म्हणून ज्येष्ठांना तिचे काही वाटत नाही आणि तुमच्या ग्रुपवरही तिची चर्चा होत नाही. पण येत्या दहा वर्षांत तुमच्या कारखान्यात कोण टिकेल आणि कोण बाहेर पडेल, हे त्या कलमावर ठरणार आहे. त्याच्याकडे मी नंतर येतो. आधी आकडे पाहू, कारण भांडण आकड्यांचे आहे अशी तुमच्या सर्वांची समजूत झालेली दिसते.

समजा, कंपनी महिन्याला एकूण ८ लाख रुपये वाढीसाठी बाजूला काढते. म्हणजे माणशी सरासरी ४,००० रुपये. ही रक्कम टक्केवारीने वाटली तर वाढ सुमारे १५.१५ टक्के पडते. ज्येष्ठाला सरासरी ४,८४८ रुपये मिळतात आणि तरुणाला २,७२७. सरसकट वाटली तर दोघांनाही ४,०००. आता निम्मी रक्कम सरसकट आणि निम्मी टक्केवारीने वाटून पाहा. ज्येष्ठाला ४,४२४ आणि तरुणाला ३,३६४ रुपये येतात. म्हणजे टक्केवारीच्या तुलनेत ज्येष्ठ महिन्याला ४२४ रुपये सोडतो आणि तरुणाला ६३७ रुपये जास्त मिळतात, कारण सोडणारे १२० आहेत आणि घेणारे ८०. ज्या वादापायी कॅन्टीनमध्ये लोकांनी एकमेकांच्या टेबलावर बसणे सोडले असे तुम्ही लिहिता, तो वाद मधल्या वाटेवर आला की माणशी चार-सहाशे रुपयांचा उरतो. ही रक्कम क्षुल्लक आहे असे मी म्हणणार नाही. १८,००० रुपयांत घर चालवणाऱ्याला ६३७ रुपयांची किंमत नीट माहीत असते. परंतु त्यासाठी युनियन फोडावी इतकी ती मोठी नाही.

दुसरी गोष्ट, वाढ किती यापेक्षा ती कोणत्या रकान्यात पडते यावर दोन्ही वयांचे हित अधिक अवलंबून असते, आणि इथे दोघांच्या गरजा एकमेकींच्या आड येत नाहीत. ग्रॅच्युइटी शेवटच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर मोजली जाते. सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी १५ दिवसांचा पगार, आणि महिना धरायचा २६ दिवसांचा. म्हणून २८ वर्षे नोकरी झालेल्या माणसाच्या मूळ पगारात १,००० रुपये वाढले तर निवृत्तीच्या वेळी त्याच्या हाती सुमारे १६,१५० रुपये जास्त पडतात. तेच १,००० रुपये प्रवास भत्ता किंवा ‘स्पेशल’ नावाच्या रकान्यात टाकले तर या हिशेबात त्यांचे शून्य होऊ शकते. तरुणाला याउलट आज हातात येणारी रक्कम हवी असते, कारण पूर्ण पगारावर पीएफ कापला जात असेल तर मूळ पगारात वाढलेल्या ४,००० रुपयांतले ४८० रुपये त्याच्या हिश्श्यापोटी लगेच वळते होतात. तेव्हा एकूण रकमेत थोडे कमी, पण मूळ पगारात जास्त, असा सौदा ज्येष्ठांपुढे ठेवता येतो. अण्णांना हे समजावून सांगायची गरज पडणार नाही. दोन-तीन करार केलेला माणूस हे गणित बोटांवर करतो. तुमच्या ग्रुपवर मात्र कोणीतरी हे कागदावर मांडून दाखवायला हवे.

केंद्राच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत, आणि त्यांतील वेतनाच्या व्याख्येनुसार वगळायचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. त्यामुळे मूळ पगार नाममात्र ठेवून सगळी वाढ भत्त्यांत दाखवण्याची जुनी युक्ती आता पूर्वीइतकी चालणार नाही. करारातील पगाराचा तक्ता याच व्याख्येशी ताडून पाहा.

आणखी एक बारीक गोष्ट, जी करार झाल्यावर पहिल्या आजारपणात लक्षात येते. ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेची, पगाराची मर्यादा २१,००० रुपये आहे. तुमच्या ८० जणांचा सरासरी पगार १८,००० आहे, म्हणजे त्यांतले बरेच जण या कराराने ती ओलांडतील. चालू अंशदान कालावधी संपेपर्यंत, म्हणजे सप्टेंबरअखेर किंवा मार्चअखेरपर्यंत, त्यांचे अंशदान कापले जाईल, आणि त्याला जोडलेला लाभ कालावधी संपला की त्यांचे संरक्षण संपेल. ज्येष्ठ तर आधीच त्याबाहेर आहेत. म्हणून सर्वांसाठी एक सामूहिक मेडिक्लेम मागा, ज्यात कामगाराचे आईवडीलही धरले जातील. तरुण कामगारांचे आईवडील हे तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्याच वयाचे आहेत. त्यामुळे ही मागणी लिहिताना कोणाचे वय विचारावे लागत नाही.

आता त्या ‘ब’ श्रेणीकडे येतो.

तुमच्या कमिटीतील पाच ज्येष्ठांना असे वाटत असावे की, जे अजून आलेच नाहीत त्यांच्या पगारातून आपली वाढ निघत असेल तर कोणाचे काय जाते? मीही त्यांच्या जागी असतो तर हा विचार माझ्या मनात आलाच असता. पण पाच वर्षांनंतरचे मशीन शॉप डोळ्यांपुढे आणा. एकाच व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) पहिल्या पाळीला ३८,००० रुपये घेणारा ५३ वर्षांचा कामगार आहे आणि दुसऱ्या पाळीला त्याच्या निम्म्याहून कमी पगारातला ‘ब’ श्रेणीचा मुलगा आहे. पीस तेवढेच निघतात, रिजेक्शनही तेवढेच. अशा वेळी व्यवस्थापनाला कोणता कामगार महाग वाटेल आणि स्वेच्छानिवृत्तीचे फॉर्म कोणाच्या हाती दिले जातील, हे वेगळे सांगायला नको. नव्याचा पगार पाडण्याची परवानगी देणारा कामगार स्वतःची नोकरी महाग करून ठेवतो. सुरुवातीचा पगार चांगला असणे हे ज्येष्ठाचेच संरक्षण आहे, कारण तोवर त्याच्या जागी दुसरा आणण्यात फारसा नफा नसतो.

अमेरिकेतील मोटार कामगारांच्या युनियनने २००७ मध्ये हाच मार्ग पत्करला होता. उद्योग अडचणीत होता, आणि नव्याने लागणाऱ्यांना जुन्यांच्या जवळपास निम्म्या वेतनावर घेण्यास त्यांनी मान्यता दिली. पुढे एकाच लाइनवर उभे राहणाऱ्यांत दोन दर झाले, आणि ती श्रेणी मोडण्याची मागणी २०२३ च्या संपात पुढे आणावी लागली. त्या करारात सर्वोच्च दरापर्यंत पोहोचण्याचा काळ आठ वर्षांवरून तीनवर आला. एका सहीने तयार झालेली श्रेणी मागे घ्यायला त्यांना १६ वर्षे आणि एक संप लागला. आपल्याकडेही हा अनुभव नवा नाही. १९८२ च्या मुंबईतील गिरणी संपात पगारवाढीच्या बरोबरीने बदली कामगारांना कायम करण्याची मागणी होती. वर्षानुवर्षे गेटवर उभे राहून ‘आज काम आहे का’ असे विचारणाऱ्यांचा राग त्या संपामागे होता.

कायद्याची एक बाजू इथे लक्षात ठेवा. समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार आज कामावर असलेल्या आणि पुढे लागणाऱ्या प्रत्येक कामगारावर बंधनकारक होतो. दोन पक्षांनी आपसात केलेला करार सह्या करणाऱ्या पक्षांपुरता असतो. म्हणजे आज कळंबा रोडच्या आयटीआयमध्ये टर्नरचा ट्रेड शिकणारा जो मुलगा पुढच्या वर्षी तुमच्याकडे लागेल, त्याचा पगार तुमची कमिटी त्याला न विचारता ठरवून टाकू शकते. शिवाय नवे कामगार जर मुदतीच्या नेमणुकीवर घ्यायचे असतील, तर औद्योगिक संबंध संहितेनुसार तेच किंवा तशाच स्वरूपाचे काम करणाऱ्या कायम कामगारापेक्षा त्यांना कमी वेतन व सवलती देता येत नाहीत, आणि एका वर्षाच्या सेवेनंतर त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. कंपनीच्या मसुद्यात ‘ब’ श्रेणीची नेमणूक कोणत्या स्वरूपाची असेल हे लिहिलेले नसेल, तर पुढच्या बैठकीत पहिला प्रश्न हाच विचारा आणि उत्तर इतिवृत्तात घ्यायला लावा.

अनुभवाप्रमाणे पगारात फरक नसावा, असे माझे म्हणणे नाही. नव्या कामगाराने सुरुवात कमी पगारावर करावी. परंतु ठरावीक वर्षांत, ठरावीक कौशल्य दाखवल्यावर, तो त्याच तक्त्याच्या वरच्या टोकाला पोहोचला पाहिजे. एकच जिना असावा, पायऱ्या हव्या तितक्या असाव्यात. ‘ब’ श्रेणीच्या जागी चार वर्षांत पूर्ण होणारी कौशल्यश्रेणी, अशी उलट मागणी तुम्ही ठेवू शकता. कंपनीला सुरुवातीची बचत मिळेल आणि दोन कायमच्या जाती तयार होणार नाहीत.

निवृत्तीच्या वयाबाबत तुम्ही लिहिले आहे की, ‘म्हातारे आणखी दोन वर्षे बसले तर पोरांना जागा कशी मिळणार?’ या समजुतीची मी तुम्हाला खात्री करून घ्यायला सांगेन. युनियनच्या कार्यालयात जुन्या मस्टरच्या नोंदी असतील. गेल्या दहा वर्षांत जितके जण निवृत्त झाले, त्यांच्या जागी किती कायम नेमणुका झाल्या ते मोजा. तुमच्याकडे ठेकेदाराचे १५० जण आहेत, यावरून माझा अंदाज असा की बहुतेक रिकाम्या जागा ठेकेदाराकडे गेल्या. तसे असेल तर ज्येष्ठ ५८ ला गेला काय आणि ६० ला गेला काय, ठेकेदाराकडच्या मुलाला ती कायम जागा मिळतच नव्हती. आणि ज्येष्ठांची बाजूही समजून घ्या. खाजगी कारखान्यातील बहुतेकांचे पीएफ पेन्शन १५,००० रुपयांच्या मर्यादेवर मोजले जाते, त्यामुळे तीस वर्षे राबूनही ते महिन्याला साडेसात हजारांच्या आतच राहते. ज्याच्या मुलीचे लग्न व्हायचे आहे किंवा घराचे हप्ते बाकी आहेत, त्याला दोन वर्षांचा पूर्ण पगार केवढा वाटत असेल.

म्हणून इथे अदलाबदल करा. तरुणांनी ६० वर्षांच्या मागणीला लेखी पाठिंबा द्यावा, आणि त्या बदल्यात ज्येष्ठांनी असे कलम लावून धरावे की निवृत्ती, राजीनामा, मृत्यू किंवा स्वेच्छानिवृत्तीने रिकामी झालेली प्रत्येक जागा ९० दिवसांत कायम स्वरूपातच भरली जाईल, आणि ती भरताना ठेकेदाराकडे त्याच खात्यात काम केलेल्यांचा सेवाकालानुसार आधी विचार होईल. तुमच्या संपूर्ण करारात एकच कलम वाचवता येणार असेल, तर माझ्या मते हे वाचवावे. व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेने मुख्य उत्पादनाच्या कामात कंत्राटी कामगार लावण्यावर काही अपवाद सोडून बंदी घातली आहे. फाउंड्रीत मोल्डिंग आणि ओतकाम हे मुख्य काम नाही, असे म्हणणे कोणत्याही व्यवस्थापनाला जड जाईल.

मात्र ज्याला साठ वर्षांपर्यंत काम करायचे आहे, त्याला ते झेपेल असे असले पाहिजे. फेटलिंगमध्ये (ओतलेले भाग घासून साफ करण्याच्या खात्यात) ग्राइंडर धरून दिवसभर उभे राहणे आणि फर्नेसपुढे ओतकाम करणे पंचावन्नाव्या वर्षी सर्वांना जमत नाही. सिलिकाच्या धुळीने छातीचे जे होते ते वय पाहून होत नाही; फक्त ज्येष्ठांत ते आधी दिसते. म्हणून पन्नाशीनंतर हलके काम मागण्याची सोय, रात्रपाळीतून सवलत आणि वर्षातून एकदा छातीची तपासणी ही कलमे साठच्या मागणीला जोडूनच यायला हवीत. रात्रपाळीचा भार त्यामुळे तरुणांवर येईल, हे लपवू नका. त्याची किंमत रात्रपाळी भत्त्यात घ्या आणि लहान मूल घरी असलेल्या कामगाराला पाळी बदलून घेण्याची मुभाही त्याच कलमात टाका.

वारसाला नोकरी या मागणीबद्दल माझे मत ज्येष्ठांना रुचणार नाही, तरी लिहितो. सेवेत असताना कामगाराचा मृत्यू झाला किंवा अपघाताने तो कायमचा जायबंदी झाला, तर त्याच्या घरातील एकाला काम मिळालेच पाहिजे. यात वाद नसावा. परंतु साध्या निवृत्तीनंतर मुलाला जागा, हा हक्क म्हणून लिहिला गेला की चार-पाच वर्षे ठेकेदाराकडे वाळू उपसणाऱ्या मुलाला गेट कायमचे बंद होते. त्याचा बाप या कारखान्यात नव्हता, एवढाच त्याचा दोष. ज्याला मुलगी आहे किंवा ज्याचा मुलगा इंजिनिअर होऊन पुण्याला गेला, त्या ज्येष्ठालाही या कलमाचा उपयोग नाही. ‘पात्रता समान असल्यास प्राधान्य’ इथपर्यंत मागे येण्याची तयारी ज्येष्ठांनी ठेवावी. ही मागणी सोडल्याबद्दल त्यांना बदल्यात काय देता येईल, हे मात्र तुम्ही विचार करून ठेवा.

एक पर्याय मला दिसतो. तुमच्या मोल्डिंग खात्यात अजूनही असे जुने कामगार असतील, जे ओली वाळू मुठीत दाबतात, ती वडी मध्येच मोडतात आणि कडा स्वच्छ तुटली की नाही हे पाहून सांगतात की पाणी किती कमी-जास्त झाले आहे. लॅबचा आकडा यायच्या आधी ते मिक्सरवाल्याला हाक मारतात. हे ज्ञान कंपनीने आजवर फुकट वापरले. नव्या माणसाला शिकवण्यासाठी ‘प्रशिक्षक भत्ता’ मागा. जो ज्येष्ठ दोन तरुणांना तयार करेल त्याला महिन्याला ठरावीक रक्कम, आणि तयार झालेल्या तरुणाला कौशल्यश्रेणीची वरची पायरी. अण्णांनी तुम्हाला मशीनवर उभे केले, त्या कामाला आजवर कोणत्याच करारात नाव मिळालेले नाही.

वेगळ्या युनियनच्या विचाराबद्दल मी स्पष्टच सांगतो : करू नका. नव्या औद्योगिक संबंध संहितेनुसार एकापेक्षा जास्त युनियन असतील तर मस्टरवरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन वाटाघाटीसाठी एकमेव मानली जाते. तेवढा पाठिंबा कोणालाच नसेल तर किमान २० टक्के पाठिंबा असणाऱ्यांची वाटाघाटी परिषद बनते. तुमचे ८० जण म्हणजे ४० टक्के. १२० ज्येष्ठ एकत्र राहिले तर त्यांची युनियन एकटीच टेबलावर बसेल आणि तुम्ही गेटबाहेर असाल. ते फुटले तर परिषदेत सगळेच असतील, आणि प्रत्येकाला वेगळे काहीतरी देऊन करार उरकणे कंपनीला सोपे जाईल. तुमच्या युनियनला राज्याच्या १९७१ च्या कायद्याखाली मान्यता असेल, तर तिचे कागद घेऊन कामगार उपायुक्त कार्यालयात आणि तुमच्या वकिलांकडे या आठवड्यात एक फेरी मारा, आणि वाटाघाटीचा अधिकार आज कोणत्या कागदावर उभा आहे हे लेखी करून घ्या.

एक दिवस सगळ्यांनी रजा टाकण्याची कल्पना तर ताबडतोब थांबवा. एकाच दिवशी ५० टक्के किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून घेतलेली किरकोळ रजा संहितेत संपच धरली जाते, आणि संपासाठी आधी नोटीस द्यावी लागते. ८० जणांनी रजा टाकली आणि त्यांना पाहून आणखी वीस-पंचवीस ज्येष्ठ मिसळले, की तुम्ही नोटिशीशिवाय संप केला असे होईल. त्याची शिक्षा सर्वांत आधी ठेकेदाराकडच्या मुलांना भोगावी लागेल. त्यांना तर नुसते ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हटले की पुरते.

यापेक्षा एक साधे काम करा. प्रत्येक खात्यात कोऱ्या चिठ्ठ्या वाटा आणि नाव न लिहिता आपल्या पहिल्या तीन मागण्या क्रमाने लिहायला सांगा. ठेकेदाराच्या कामगारांनाही द्या. चिठ्ठीवर वय लिहायला सांगू नका, खाते लिहायला सांगा. मोजणी अण्णांच्या आणि तुमच्या समोर व्हावी. मला वाटते, फेटलिंगमधील तरुण आणि ज्येष्ठ धुळीबद्दल एकच गोष्ट लिहितील आणि मशीन शॉपमधले दोघेही टार्गेटबद्दल. तुम्ही ज्याला वयाचे भांडण समजता, त्यातले बरेचसे खात्याचे आणि नेमणुकीच्या कागदाचे निघेल. सगळेच निघणार नाही. टक्केवारीचा प्रश्न उरेलच, आणि त्यासाठी वर दिलेला निम्मा-निम्मा हिशेब आहे.

साखर कारखान्यांतील वाचकांनी हे आपल्याशी ताडून पाहावे. तिथे वेतन राज्य पातळीवरील त्रिपक्षीय समितीत ठरते आणि दरी वयापेक्षा कायम व हंगामी अशी असते. पण रिकामी झालेली कायम जागा कोणाकडे जाते, हा प्रश्न तिथेही तोच. इचलकरंजीच्या मागांवर मजुरी पीसवर असल्याने सेवाकालाला मोलच नाही. तिथे उतारवयात मीटर कमी निघू लागतात तेव्हा काय, हे कलम आधी लिहावे लागेल.

आता अण्णांबद्दल. त्यांच्याशी कमिटीच्या बैठकीत पहिल्यांदा वाद घालू नका. आधी घरी जाऊन भेटा, आणि तरुणांचा निरोप्या म्हणून जाऊ नका. त्यांना काय सांगायचे ते सरळ सांगा : “अण्णा, साठ वर्षांच्या मागणीवर सगळ्या पोरांच्या सह्या मी आणून देतो. पण ‘ब’ श्रेणीवर तुम्ही सही करू नका. उद्या तीच दाखवून तुम्हाला घरी बसवतील.” एवढ्यावर ते गप्प राहिले तर राहू द्या, त्यांच्याही मागे चार ज्येष्ठ आहेत आणि त्यांना त्यांच्याशी बोलायला वेळ लागेल. ग्रुपवर या भेटीतले काही टाकू नका. आपल्याकडे चहाच्या गाड्यावर दुपारी झालेली गोष्ट पाळी सुटायच्या आत व्यवस्थापनाच्या कानावर असते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे.

मसुदा अंतिम झाल्यावर तो मराठीत, पगाराच्या तक्त्यासह, सहीच्या किमान आठ दिवस आधी सर्वांना वाचायला मिळावा असा आग्रह धरा, आणि मंजुरी गेट मीटिंगमध्ये हात वर करून न घेता गुप्त मतदानाने घ्या. हात वर करताना माणूस शेजारी कोण उभा आहे ते पाहतो.

राजीनामा देऊ नका. तुम्ही गेलात तर कमिटीत तुमच्या वयाचे कोणीच उरत नाही, आणि करार तर तरीही होईलच. सर्व प्रयत्न करूनही बहुमताने ‘ब’ श्रेणी मान्य झाली, तर वाढीच्या बाकी कलमांना तुमचा पाठिंबा आहे आणि या एका कलमाला का नाही, एवढे एका पानावर लिहून ते इतिवृत्ताला जोडायला सांगा. त्यावर तारीख घाला, सरचिटणिसांची पोच घ्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. तीन वर्षांनी पुढचे मागणीपत्र लिहिताना ती काढावी लागेल. आणि ते कलम न्यायालयात नेण्याची वेळ आलीच, तर १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसते. पूर्वीप्रमाणे त्यासाठी मुंबईला खेपा घालाव्या लागणार नाहीत.